फुटलं तरच थांबायचं

आमच्याकडे कलिंगडाच्या तोडणीला एकच नियम आहे आणि तो मामंजींचा आहे. साखळी सुरू झाली की थांबायचं नाही. फळ फुटलं तरच थांबायचं.

साखळी म्हणजे माणसांची. शेताच्या आतून बांधावर उभ्या असलेल्या ट्रॉलीपर्यंत सगळे हाताच्या अंतरावर उभे राहतात आणि कलिंगड या हातातून त्या हातात जातं. ट्रॉली आत नेली तर वेल चिरडतात आणि टोपल्या वाहिल्या तर माना मोडतात, म्हणून ही पद्धत. एकदा लय लागली की कोणी बोलत नाही, नुसते हात चालतात. पण यातला एक जण पाणी प्यायला गेला की मधे फट पडते, मागचा माणूस कलिंगड पोटाशी धरून ताटकळतो आणि सगळे त्या पाणी पिणाऱ्याकडे असे बघतात की घोट घशातच अडकावा. त्यामुळे कोणी जातच नाही. सगळ्यांच्या घशाला कोरड आणि सगळ्यांच्या हातात पाण्याने भरलेलं फळ. यापेक्षा मोठी थट्टा मी तरी पाहिलेली नाही.

फुटलेलं फळ मात्र ट्रॉलीत जात नाही. ते स्वतः सडतं आणि शेजाऱ्यांनाही सडवतं. वाटेत पडू दिलं तर पाय घसरतात, गांधीलमाश्या घोंगावतात. म्हणून ते तिथल्या तिथे, सगळ्यांनी मिळून, सावलीत बसून खाऊन टाकायचं. वर पाणी प्यायचं, तोंडं धुवायची आणि परत उभं राहायचं. मामंजींच्या वडिलांपासून असंच चालत आलंय.

अडचण एवढीच की मामंजींच्या साखळीत फळ फुटत नाही. ते स्वतः ट्रॉलीवर उभे राहतात, शेवटचा झेल त्यांचा. खाली शिडी उभा असतो. शिडी म्हणजे आमच्याकडे कामाला येणारा एक लांबलचक माणूस; त्याने हात वर केले की फळ थेट मामंजींच्या छातीशी पोचतं. मामंजी ते घेतात आणि पेंढ्यावर रचतात, शेतात जसं बसलेलं होतं तसंच, पिवळं पोट खाली. सगळी कलिंगडं त्यावर शहाण्या मुलांसारखी एका बाजूला तोंड करून बसलेली असतात. त्यांच्या हातून जन्मात एक फळ पडलेलं नाही. हे ते स्वतः सांगत नाहीत. सासूबाई सांगतात आणि ते नाही म्हणत नाहीत.

आणि हे सगळं भर उन्हात. सकाळी तोडायला ते तयार नसत. रात्रभर पाणी पिऊन फळ तट्ट फुगलेलं असतं, जरा धक्का लागला की तडकतं; ऊन चढलं की सैलावतं. हे अगदी खरं आहे. खोटं बोलणाऱ्याशी भांडता तरी येतं. खरं बोलणाऱ्या हट्टी माणसाचं काय करायचं, ते मला कोणी शिकवलेलं नाही.

आम्ही निदान वेलांच्या ओलाव्यात उभे असायचो. मामंजी तापलेल्या पत्र्याच्या ट्रॉलीवर, वर आभाळ आणि डोक्याला धुऊन धुऊन कांद्याच्या सालीइतकी पातळ झालेली टोपी. सासूबाईंनी त्यांच्यासाठी रुंद काठाची गवताची टोपी आणली होती. ती घातली की बुजगावण्यासारखं दिसतं, असं म्हणून त्यांनी ती खुंटीला अडकवली, आणि ती तिथे आरामात सावलीत राहिली.

माझी धाकटी नणंद दवाखान्यात नर्स आहे. उन्हाळा लागला तशी ती आली आणि जेवणं झाल्यावर सगळ्यांना बसवून तिने झाडाझडती घेतली.

"तहान लागायची वाट बघायची नाही. थोडं थोडं पाणी पीत राहायचं, मधूनमधून मीठ-साखर-लिंबाचं. डोकं दुखलं, मळमळलं, गोळे आले की सावली. आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलं, तर घरगुती उपाय करत बसू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच गाडी बोलवा. शुद्ध धड नसेल तर तोंडात पाणी घालू नका. बाबा, ऐकताय ना?"

"बरं," मामंजी म्हणाले.

मामंजींचं 'बरं' म्हणजे विहिरीत टाकलेला दगड. आवाज होतो, वर काही येत नाही. दुसऱ्या दिवशी ते होते तिथेच, ट्रॉलीवर, त्याच टोपीत.

मला त्यांची काळजी वाटायची, आणि ती सून म्हणून वाटायची असं नाही. माझे वडील मी लहान असतानाच गेले. या घरात आले तेव्हा शेतातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. मामंजींनी मला वेलाजवळ बसवलं, एक फळ वाजवलं, कान लाव म्हणाले. टणटण वाजलं तर कच्चं, जरा जड, बसक्या आवाजात बोललं तर पिकलं. आमच्या ह्यांना त्यांनी कितीदा शिकवलं, पण ह्यांना सगळी फळं सारखीच ऐकू येतात. मला पहिल्याच उन्हाळ्यात जमलं. "हिला कान आहे," असं ते सासूबाईंना म्हणाले होते, आणि मी तेवढ्यावर वर्षभर हवेत होते. असा माणूस एक दिवस ट्रॉलीवरून उतरणारच नाही, ही भीती मला रोज दुपारी वाटायची. त्यांचा चेहरा तांबडा व्हायचा, बोलणं तुटक व्हायचं, आणि आम्ही सगळे खाली हात हलवत राहायचो.

पहिलं कलिंगड माझ्या हातून खरंच पडलं. तळवे घामेजले होते. माझ्या जागेच्या शेजारी एक चपटा दगड जमिनीतून वर आलेला आहे, त्यावर आपटलं आणि उभं दुभंगलं. साखळी थांबली. सगळे सावलीत बसले, आणि मामंजीही खाली उतरले. उतरावंच लागलं, नियम त्यांचाच होता. त्यांनी फोड खाल्ली, माठातलं पाणी घटाघटा प्यायले, टोपी भिजवून डोक्यावर ठेवली आणि हळूहळू त्यांचा चेहरा माणसात आला. मी तोंडात लाल गर धरून त्यांच्याकडे बघत बसले. नियम मोडायची गरजच नव्हती. तो वापरायचा होता.

त्या दिवसापासून माझ्या हातून कलिंगडं पडू लागली.

हे दिसतं तितकं सोपं नाही. मुद्दाम टाकलंय असं दिसता कामा नये. चेहऱ्यावर आधी दचकणं हवं, मग ओशाळणं. फार लवकर पाडलं तर लोक चिडतात, फार उशिरा पाडलं तर कोणाला तरी भोवळ येते. शिवाय टाकायचंच तर गोड तरी असावं, एवढी माणसं उन्हातून येऊन बसणार. मी येणाऱ्या फळावर बोटाने हलकेच टिचकी मारायचे, मनासारखं आलं की सोडायचे.

"वहिनी, हात बदलून आणा एकदा," शिडी म्हणायचा.

"हिच्याकडे कोणी तान्हं मूल देऊ नका," शेजारच्या काकू म्हणायच्या. काकू माझ्या पुढच्या जागेवर असायच्या आणि साखळीतही ज्यांचं तोंड बंद होत नाही अशा त्या एकट्याच. बोलायच्या खऱ्या, पण फोड उचलायला सगळ्यांत आधी त्यांचाच हात.

आमचे हे तर हवालदिल झाले. "तुला झालंय तरी काय? डोळे तपासून घेऊ या का?" मी ह्यांना काही सांगितलं नाही. ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. सकाळी सांगितलं असतं तर दुपारच्या आत मामंजींना कळलं असतं. सासूबाईंनाही सांगितलं नव्हतं. पण एका सकाळी त्यांनी बांधाच्या टोकाला असलेला माठ उचलला आणि माझ्या दगडाजवळच्या झाडाखाली आणून ठेवला.

"इथे बरा," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे न बघता निघून गेल्या.

असं छान चाललं होतं. मग एके दिवशी न्याहारी करताना मामंजी म्हणाले, "आजपासून तू साखळीत नको. वेलावर फळं निवड आणि देठ काप. तुझ्या जागी हा उभा राहील."

हा म्हणजे आमचे हे.

रागावले असते तर परवडलं असतं. ते मऊ आवाजात म्हणाले, "हात थकले असतील तुझे," आणि त्याने मला जास्त लागलं. माझ्यावर त्यांचा एक भरवसा होता, तो गेला. खरं सांगावं असं तोंडापर्यंत आलं होतं. पण सांगितलं असतं तर मुद्दाम फोडलेल्या फळासाठी ते पुन्हा कधी खाली उतरले नसते. मी मान हलवली आणि कोयता घेतला.

तो दिवस वाऱ्याचाही नव्हता. पानं वेलावर मलूल लोळली होती. मी शेताच्या आतल्या टोकाला देठ कापत होते आणि ट्रॉली पार दुसऱ्या टोकाला. साखळी सुरेख चालली होती. आमचे हे बायकोच्या जागी उभे राहून असे मन लावून झेलत होते की एक फळ निसटेल तर शपथ. जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, नवरा जरा धांदरट असता तर काय बिघडलं असतं?

मी दर देठाला मान वर करून बघत होते. माणूस तेवढ्या लांबून नीट दिसत नव्हता. पण ट्रॉलीवरची रास दिसत होती, हिरवीगार. आणि मग त्या हिरव्यात मला एक पिवळा ठिपका दिसला. मग आणखी एक. मग बरेच. कलिंगडांची पोटं वर आली होती. कोणी कुशीवर, कोणी उताणं, जसं हाताला येईल तसं टाकलेलं.

मी कोयता तिथेच टाकला आणि वेलांवरून धावत सुटले. वेल तुडवल्याबद्दल एरवी मीच दुसऱ्यांना बोलते.

बांधाजवळ आले तर शिडी हसत होता. "काका विचारतायत, आई जेवली का म्हणून. कोणाची आई, काका?"

मामंजींची आई मी या घरात यायच्या कितीतरी आधी गेली होती. आणि मामंजी गंमत करत नाहीत.

"थांबा," मी म्हटलं. कोणी थांबलं नाही. नुसतं थांबा म्हटल्यावर थांबायची आमच्याकडे सवयच नाही. फळ हातोहात येत राहिलं. तेव्हा मी ह्यांच्या हातातलं कलिंगड हिसकावलं आणि चपट्या दगडावर आपटलं. ना दचकणं, ना ओशाळणं. शिंतोडे काकूंच्या तोंडावर उडाले.

साखळी थांबली. सगळे हात खाली आले. फक्त ट्रॉलीवर मामंजी हात पुढे करून उभे राहिले, पुढच्या फळाची वाट बघत. फळ फुटलेलं असताना ते उतरत नव्हते. तेव्हा सगळ्यांना एकदम कळलं.

शिडी आणि हे वर चढले. त्यांना खाली घेतलं तेव्हा हाताला चटका बसावा असं अंग तापलं होतं आणि कपाळ कोरडं ठणठणीत. झाडाखाली निजवलं, सदरा सोडला. सासूबाईंनी अख्खा माठ त्यांच्या अंगावर रिता केला. शिडीने पाण्याचा पाइप ओढत आणला. गोणपाटं भिजवून काखेत, मानेखाली, मांड्यांवर ठेवली. हे दवाखान्याची गाडी बोलावत होते, पत्ता नीट सांगत होते. काकूंनी प्रेमाने पेला त्यांच्या ओठांना लावला, तो मी बाजूला केला.

"आता नको, काकू. स्वतः धरून पितील तेव्हा."

वारा घालायला काही मिळेना. सासूबाई घराकडे गेल्या आणि खुंटीवरची गवताची टोपी घेऊन आल्या. त्या टोपीनेच मी वारा घालत राहिले. मनात एकच चाललं होतं, की सकाळी सांगून टाकायला हवं होतं, रागावले असते, उतरले नसते, काहीही, पण निदान मी तिथे त्यांच्याजवळ उभी राहिले असते.

गाडीचा आवाज यायला लागला तेव्हा त्यांनी डोळे उघडले. इकडेतिकडे बघितलं. "ट्रॉलीवर काही झाकलं का," ते म्हणाले, "फळ उन्हात आहे."

फळ उन्हात आहे म्हणे. मी टोपी तोंडावर धरली आणि मनसोक्त रडले.

नणंदेच्याच दवाखान्यात त्यांना ठेवलं. "पाणी ओतलंत, उशीर केला नाहीत, म्हणून निभावलं," ती म्हणाली, आणि मग वडिलांना अशी काही बोलली की शेजारच्या खाटेवरचा माणूसही घाबरून पाणी प्यायला.

ते घरी आले तोवर आम्ही बरंच बदललं होतं. तोडणी उन्हं कलल्यावर सुरू होत होती. तेव्हाही फळ सैलच असतं, हे त्यांना नाकारता येईना, कारण म्हणणं त्यांचंच होतं. ट्रॉलीवर बांबू रोवून कापडाचं छत बांधलं होतं. सगळ्यांच्या गळ्यात ओली फडकी. रचायला शिडी. त्याने काय करावं हे खालून खुर्चीत बसून मामंजी सांगत, डोक्यावर बुजगावण्याची टोपी घालून. ती त्यांना शोभत होती, पण हे म्हणायची हिंमत कोणी केली नाही.

थांबायचा नियम मात्र तसाच होता. तो बदलायचा तर त्यांना विचारावं लागलं असतं, आणि आजारातून उठलेल्या माणसाला कोण विचारणार? मी परत माझ्या दगडाजवळ उभी राहू लागले. मला कोणी हो म्हटलं नव्हतं आणि कोणी नाहीही म्हटलं नाही.

एके दिवशी साखळी सुरू व्हायच्या आधी मामंजींनी मला खुर्चीजवळ बोलावलं.

"दवाखान्यात पडल्या पडल्या काही काम नव्हतं," ते म्हणाले. "फळं आठवत बसलो."

"कोणती फळं?"

"तू पाडलेली."

मी पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागले.

"ज्याचे हात ढिले असतात," ते म्हणाले, "त्याच्या हातून कच्चंही पडतं, पिकलंही पडतं. तुझ्या हातून एकही कच्चं पडलं नाही."

मी दगडाकडे बघितलं.

"वाजवून पाडत होतीस."

"हो."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर उतरला असतात, मामंजी?"

"नसतो," ते म्हणाले. मग खुर्चीच्या दांड्यावर हात ठेवून उठले. "मला जरा साखळीत उभं राहू दे. तुझ्या आणि काकूंच्या मधे. सावली आहे तिथे."

सासूबाई नको म्हणत होत्या, पण झाडाची सावली खरंच त्या जागेवर आली होती, म्हणून त्यांनी नुसता माठ जवळ सरकवला. साखळी सुरू झाली. मामंजी माझ्याकडून फळ घेऊन काकूंना देऊ लागले. तेच हात, तीच लय. मला फार बरं वाटत होतं.

थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की आवाज येत नाहीये. काकू गप्प होत्या. चेहरा तांबडा झाला होता आणि त्या दोन फळांच्या मधल्या वेळात गुडघ्यांवर हात टेकत होत्या. मी हातातल्या कलिंगडावर टिचकी मारली, पण ते टणटण वाजलं, म्हणून पुढे दिलं. त्यानंतरचं बसक्या आवाजात बोललं. ते सोडणार तेवढ्यात मामंजींनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. कानाशी धरलं. टिचकी मारली. काकूंकडे एकदा बघितलं.

आणि हात उघडले.

साखळी जागच्या जागी थिजली. शिडी ट्रॉलीवर तोंड उघडं टाकून उभा राहिला. सासूबाईंनी पदर तोंडावर धरला. कलिंगड भुसभुशीत मातीवर धप्पकन पडलं, थोडं गडगडलं आणि पिवळ्या पोटावर नीट बसलं. साधा चराही नाही.

"हातातून सुटलं," मामंजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

"सुटलं खरं, काका," शिडी वरून म्हणाला, "पण फुटलं नाही. मग साखळी चालू ठेवायची का?"

मामंजींनी त्या फळाकडे बघितलं. जन्मभर न पाडण्याचाच सराव. पाडायचं कसं ते त्यांना कोण शिकवणार? कान टोपीखाली लाल झाले होते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी पहिल्या उन्हाळ्यात वेलाजवळ बसून त्यांच्याकडे तसंच बघितलं असणार.

"मातीवर नाही, मामंजी," मी म्हटलं. "दगडाच्या कडेवर. आणि देठ वर धरायचा."

त्यांनी कलिंगड उचललं, पुसलं, देठ वर केला आणि दगडाचा अंदाज घेतला. या खेपेला ते मधोमध दुभंगलं. आधी काकूंना पाणी दिलं, मग सगळे सावलीत बसले, आणि पहिली फोड मामंजींनी माझ्या हातात ठेवली. गोड होती. असणारच, दोघांनी ऐकून पाडलं होतं.